मदत हवी आहे : संपादन सर्वांना खुलं ठेवून विकीवर शिस्त कशी आणावी?

रानवाटा
आमच्या गटाचा सह्याद्रीतल्या वनस्पतींचा मराठी कोश मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) आहे. प्रचालक (देखरेखीचे अधिकार असलेले सदस्य) तिघे, दिवसाला साधारण चाळीस संपादनं. खातं न उघडताही लिहिता येतं. रात्रीतून जुगाराच्या साइटांचे दुवे असलेली पानं उगवतात. कुड्याच्या पानावर दोन सदस्य एकमेकांची संपादनं उलटवत बसलेत. शास्त्रीय नावावरून वाद आहे : एक म्हणतो कुडा म्हणजे होलारेना, दुसरा म्हणतो रायटिया. शिवाय 'औषधी उपयोग' विभागात लोक काढ्याच्या मात्रा लिहितात, संदर्भ एकही नाही. पानं अर्धसुरक्षित (अनामिक आणि नवख्या सदस्यांना संपादन बंद) करून पाहिली, फरक पडला नाही. आता गटात सूर आहे की प्रचालकाने तपासल्याशिवाय कोणतंही संपादन दिसू नये. पण निम्मी चांगली माहिती एकदाच येऊन दोन ओळी लिहून जाणाऱ्यांची आहे. ते न गमावता काय करावं?

कळफलक
सरसकट तपासणीचा विचार सोडा. विकिपीडियाच्या आधीच्या न्यूपीडिया या ज्ञानकोशाने २००० साली सात टप्प्यांची तपासणी ठेवली होती. २००३ मध्ये बंद पडेपर्यंत जेमतेम पंचवीसेक लेख पार पडले. तुमच्याकडे तर तीनच माणसं. एक जण गावाला गेला की रांग तुंबणार, आणि लिहिलेलं चार दिवस दिसलं नाही की नवा माणूस पुन्हा फिरकत नाही.

अर्धसुरक्षित करूनही फरक न पडण्याचं कारण सरळ आहे. मीडियाविकीत सदस्य आपोआप पक्का होण्याच्या, म्हणजे नवखा न राहण्याच्या, दोन्ही अटी, खात्याचं वय आणि संपादनांची संख्या, मुळात शून्य असतात. म्हणजे खातं उघडलं की त्याच क्षणी कुलूप उघडतं. लोकलसेटिंग्ज या मांडणीच्या फाइलीत ऑटोकन्फर्म एज आणि ऑटोकन्फर्म काउंट भरा. इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस आणि दहा संपादनं आहेत, तुम्हालाही तेवढं पुरे. वय सेकंदांत द्यायचं : चार दिवसांचे ३४५६००, इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता. नुसता चार लिहिला तर चार सेकंदांची अट लागते.

जुगाराच्या दुव्यांसाठी कन्फर्मएडिट या विस्तारातला क्वेस्टीकॅप्चा (प्रश्नाचं उत्तर दिल्यावरच पुढे जाऊ देणारा) लावा, चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा नको. प्रश्न मराठीत विचारा आणि प्रत्येकाची दोन-तीन उत्तरं मान्य ठेवा. 'वडापावातल्या वड्यात कशाची भाजी असते?' याला 'बटाटा', 'बटाटे', 'बटाट्याची'. अंकांत उत्तर मागू नका, देवनागरी आणि इंग्रजी अंकांचा घोळ होतो. एखाद्या माणसाने प्रश्न सोडवून बॉटला (आपोआप दुवे टाकणाऱ्या प्रोग्रामला) दिला की तो फुटतो, म्हणून दुवे परत दिसू लागले की प्रश्न बदला. आधीची घाण न्यूक या विस्ताराने एका खात्यामागे एका झटक्यात काढता येते.

साक्षेपी
कुड्याचा वाद तांत्रिक उपायाने मिटणार नाही. पांढरा कुडा होलारेना आणि काळा कुडा रायटिया, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. 'कुडा' हे नि:संदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या लेखांकडे वाट दाखवणारं) करा, दोन वनस्पतींना दोन लेख द्या आणि प्रत्येकात स्थानिक नावांचा तक्ता ठेवा : नाव, तालुका, संदर्भ. तालुका रिकामा असलेली ओळ चर्चापानावर हलवायची, पुसायची नाही. माहिती देणाऱ्याला तालुका विचारला की तो बहुधा आनंदाने सांगतो.

तोवर नियम एवढाच : चोवीस तासांत एका पानावर तीनदा उलटवलं की थांबायचं, चौथ्यांदा खातं एक दिवस बंद. पान सुरक्षित करावं लागलंच तर असेल त्या आवृत्तीवर, दोन-तीन दिवसांची मुदत घालून. मुदत घालायची राहिली की पान वर्षानुवर्षं कुलूपबंद राहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या प्रचालकाने त्या वादात मत दिलंय त्याने ते बटण दाबू नये. तुम्ही तिघेच आहात, तेव्हा आणखी दोघं तरी नेमा, नाहीतर हा नियम पाळताच येणार नाही. नियम बदलायचा तर प्रस्ताव चर्चापानावर सात दिवस राहू द्या. आपल्याला विचारलं होतं हे लोकांना दिसलं तर कडक नियमही चालतो.

रानवाटा
दोघांचेही आभार. खात्याशिवाय उपद्रव करणाऱ्यांचे आयपी पत्ते महिनाभरासाठी बंद केले तर? आणि मात्रांचं काय?

कळफलक
महिनाभर नको. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागून बाहेर सोडतात, त्यामुळे उपद्रवी निसटतो आणि अख्खा तालुका बाहेर राहतो. एक दिवस पुरे, तोही 'फक्त अनामिक' हा पर्याय निवडून आणि खातं उघडण्याची मुभा ठेवून.

मात्रांसाठी अ‍ॅब्यूज फिल्टर (संपादन जतन होताना ते नियमांनुसार तपासणारा विस्तार) लावा. पहिला आठवडा फक्त नोंद करू द्या. नुसता 'ग्रॅम' शोधलात तर 'इन्स्टाग्रॅम'ही अडकेल, म्हणून नव्याने जोडलेल्या मजकुरात आकडा, त्यापुढे 'ग्रॅम', 'मिली' किंवा 'चमचे', आणि सोबत 'काढा' किंवा 'चूर्ण' असेल तरच पकडा. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक घालायला विसरू नका. 'काढा'चं 'काढ्याचे' होतं, तेव्हा 'काढ्या' हे रूपही हवं. नोंदी बघून चुकीचे अडकलेले वगळा, मग सूचना चालू करा : 'मात्रा लिहू नये, उपयोग लिहिल्यास ग्रंथ आणि पानक्रमांक द्यावा.' थेट मनाई फक्त सूचना वाचूनही मात्रा तशाच जतन करणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसलं तरच.