युरोपात बनलेलं कॉफीचं यंत्र मिळतच नाही म्हणे?

आइंडहोवनकर:
काल तात्यांनी ठोकून दिलं, "युरोपात राहून युरोपात बनलेलं कॉफीचं यंत्र शोधणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. नाव इटालियन, माल चीनचा. गपचूप स्वस्तातलं घ्या." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

इथे नेदरलँड्समध्ये आमेरोंगन नावाचं गाव आहे. मोकामास्टर हे फिल्टर कॉफीचं यंत्र तिथेच बनतं, १९६० च्या दशकापासून, आणि जुळणी आजही हाताने होते. आत तांब्याचं हीटिंग एलिमेंट, वॉरंटी ५ वर्षांची, आणि झाकणापासून स्विचपर्यंत सगळे भाग सुटे मिळतात. एस्प्रेसोच प्यायची तर गॅजिया क्लासिक किंवा रांचिलिओ सिल्विया, दोन्ही इटलीत बनतात. बिया दळायला फ्लॉरेन्सचा युरेका. यात लपलेलं काय आहे? दुकानात यंत्र उलटं करा आणि खालची पट्टी वाचा. नुसतं "डिझाइन्ड इन इटली" असेल तर परत ठेवा.

तात्या_म्युनिक:
पट्टी वाचा म्हणे! युरोपियन युनियनमध्ये अशा वस्तूंवर मूळ देश छापायची सक्तीच नाही. लोक "सीई"ची खूण बघून युरोपचा माल समजतात. ती खूण नियम पाळल्याची आहे, कुठे बनलं त्याची नाही. आणि "मेड इन" असलं तरी कस्टमवाले शेवटचं महत्त्वाचं काम जिथे झालं तो देश धरतात. आतला सर्किट बोर्ड कुठला, वायरी कुठल्या, कोण विचारतो? शिवाय तुमचा मोकामास्टर २०० युरोंच्या वर. मी मास्टर्सला आलो तेव्हा तेवढ्यात माझा महिन्याचा किराणा व्हायचा. विद्यार्थ्याने काय करायचं?

स्टुटगार्टची_सून:
विद्यार्थ्याने मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, घ्यायचा. सासूबाई राहायला आल्या की त्यांनाही तोच लागतो. मंद आचेवर ठेवायचा, खरखर सुरू झाली की लगेच उतरवायचा, नाहीतर कॉफी करपट होते. पण तो बनवणाऱ्या बियालेत्ती या इटालियन कंपनीचाही आता भरवसा राहिला नाही. १९३३ पासूनचा मोका पॉट त्यांचा, आणि इटलीतल्या ओमेन्याचा कारखाना २०१० मध्ये बंद करून काम रोमानियात नेलं. रोमानियाचाच माल घ्यायचा तर चीनने काय घोडं मारलंय?

क्लूजवासी:
हे काय बोलणं झालं? रोमानिया २००७ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे. मूळ प्रश्न युरोपात बनलेल्या मालाचा आहे ना? की युरोप आल्प्सपाशी संपतो?

इथे रोमानियात क्लूज शहराच्या बाहेर जुकू नावाचं गाव आहे. तिथे नोकियाने २००८ मध्ये कारखाना काढला आणि २०११ मध्ये गुंडाळला. माणसं रस्त्यावर आली. पुढे ती जागा डेलाँगी या इटालियन कंपनीने घेतली, आज तिथे कॉफीची यंत्रं बनतात. माझ्या घरमालकिणीचा मुलगा पहाटेच्या बसने त्याच कारखान्यात जातो. त्याने आवळलेला स्क्रू इटालियन माणसाच्या स्क्रूपेक्षा कमी युरोपियन कसा? भोसरीत बनलेल्या मालाला कुणी नाक मुरडलं की आपण चिडतो, आणि इथे येऊन तेच करायचं?

स्टुटगार्टची_सून:
माल वाईट असं मी म्हटलेलंच नाही. बियालेत्तीने स्वस्त मजुरीसाठी कारखाना हलवला, मग किंमत का उतरली नाही? माझा राग त्यावर आहे.

क्लूजवासी:
मग कंपनीवर काढा. "रोमानियाचाच माल" हे तुमचेच शब्द आहेत, वर जाऊन वाचा.

तात्या_म्युनिक:
आणि २०२५ मध्ये बियालेत्तीही हाँगकाँगच्या घराण्याशी जोडलेल्या नुओ कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेली. नफा कुठे जाणार ते बघा की.

क्लूजवासी:
पगार इथे होतो, कर इथे भरला जातो. मालकाचा पासपोर्ट बघून कॉफी घ्यायची असेल तर तात्या, आधी तुमच्या फोनचा मालक तपासा.

स्टुटगार्टची_सून:
बरं, शब्द चुकीचा पडला असेल. किमतीचं मात्र उत्तर कुणी दिलेलं नाही.

तात्या_म्युनिक:
लेबलवर माझा विश्वास का नाही ते सांगतो. माझ्या ऑटोमॅटिक कॉफी यंत्रावर युरोपचंच नाव छापलेलं होतं. वॉरंटी संपली आणि पंप गेला. सर्व्हिसवाल्याने झाकणही न उघडता सांगितलं, नवीन घ्या. २०२४ च्या युरोपियन दुरुस्ती कायद्यात वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, फोन आहे. कॉफीचं यंत्र नाही. कुठे बनलं यापेक्षा कोण दुरुस्त करणार हे मला महत्त्वाचं वाटतं.

आइंडहोवनकर:
अहो, मग मी सुरुवातीपासून काय सांगतोय? सिल्वियाचं गास्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी रिंग, घरी बसवता येतं. साधं यंत्र, आत स्क्रीन नाही की सॉफ्टवेअर नाही. जवळ बनलेल्या यंत्राचा हाच तर फायदा, भाग आठवड्यात दारात येतो.

तात्या_म्युनिक:
युरोपात बनलेली यंत्रं मिळतात, एवढं मान्य. सगळ्यांना परवडतात हे नाही. म्युनिकमध्ये कुणी जुनी सिल्विया विकत असेल तर कळवा, गास्केट माझं मी बघेन.