एम्प्रेसचा पाचू शुक्राचा की बुधाचा? ग्रह-रत्न-धूप यांच्या तक्त्यांसाठी एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

कोपऱ्यातला_हर्मिट

नमस्कार मंडळी, दीड वर्ष टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, शिकतोय, रायडर-वेटचाच (म्हणजे सगळ्यात प्रचलित) डेक आहे. आत्तापर्यंत पत्त्यांचे अर्थ नुसते पाठ करत होतो पण जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की एम्प्रेस म्हणजे शुक्र, हर्मिट म्हणजे कन्या रास, आणि हे कुठून आलं विचारलं की लोक एकच उत्तर देतात, क्रॉली या इंग्रज जादूविद्यावाल्याचं 777 नावाचं तक्त्यांचं पुस्तक बघ. तर बघितलं. पीडीएफ उघडली आणि रेल्वेचं टाइमटेबल उघडल्यासारखं झालं, पानंच्या पानं नुसते रकाने, वर रोमन आकडे, समजावून सांगणारं कोणी नाही.

तरी चिकाटीने बसलो. मग पहिली अडचण आली ती पाचूची. त्यात पाचू शुक्राच्या ओळीत आहे. आमच्या आईच्या करंगळीत वीस वर्षं पाचू आहे आणि तो गुरुजींनी बुधासाठी दिलाय. आता दोघांतलं चूक कोण?

दुसरं म्हणजे, हसू नका, शनीच्या ओळीत धूप म्हणून चक्क हिंग दिलाय. मी म्हटलं हे तर घरातच आहे, शनिवारी संध्याकाळी सात वाजता गॅलरीत कोळशावर चिमूटभर टाकला. आई आतून ओरडली फोडणी कोणी जाळली, आणि शेजारच्या काकूंनी बेल वाजवून गॅस लीक होतोय का विचारलं. पत्ता समोर ठेवला होता, पण ध्यान काय कप्पाळ होणार.

तर प्रश्न असा की एकच पुस्तक घ्यायचं असेल, बजेट दीड हजाराच्या आत, तर 777 छापील घेऊ की अग्रिपाचं सोळाव्या शतकातलं जादूविद्येचं पुस्तक की ते नवीन जाडजूड कोश येतात त्यातलं एखादं? आणि हे तक्ते वाचतात कसे?

जुना_लाकडी_डबा

हिंगावर नंतर बोलतो, आधी वाचायचं कसं ते.

777 मध्ये सगळा खेळ डावीकडच्या आकड्याचा आहे. 1 ते 10 म्हणजे कबालाच्या, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येच्या, झाडावरचे दहा सेफिरोथ (दैवी शक्तीचे टप्पे), 11 ते 32 म्हणजे त्यांना जोडणारे बावीस मार्ग, आणि हे बावीस म्हणजे हिब्रूची बावीस अक्षरं. टॅरोचे मोठे पत्तेही बावीसच, म्हणून ते तिथे बसवले. आता तुझी एम्प्रेस घे. 14 नंबरची ओळ पकड आणि बोट आडवं फिरवत जा: अक्षर दालेथ, ग्रह शुक्र, पत्ता एम्प्रेस, रत्न पाचू, झाडं मर्टल आणि गुलाब, प्राणी चिमणी, कबुतर, हंस, धुपात चंदन. एवढंच. हा कोश नाहीये, ही फायलिंगची पद्धत आहे, एका खणात काय काय ठेवायचं त्याची यादी. क्रॉलीने हे 1909 ला स्वतःचं नाव न घालता छापलं आणि त्यातला बराचसा माल गोल्डन डॉनचा आहे, म्हणजे 1888 ला लंडनमध्ये निघालेली ती जादूविद्येची मंडळी, वेस्टकॉट, मेदर्स वगैरे. काही रकान्यांचं स्पष्टीकरण पाहिजे असेल तर 1955 ची सुधारित आवृत्ती बघ, ती तो गेल्यानंतर आली, त्यात त्याच्या टिपा आहेत. तुझ्या पीडीएफमध्ये नुसते रकाने आहेत म्हणजे तुझ्याकडे पहिली आवृत्ती असणार.

आणि एक, हे पत्ते आणि अक्षरं काही आकाशातून जोडून आलेली नाहीत. फ्रान्सात एलिफास लेव्ही या गूढविद्येच्या लेखकाने 1850 च्या दशकात आलेफ, म्हणजे हिब्रूचं पहिलं अक्षर, दिलं मॅजिशियनला. गोल्डन डॉनवाल्यांनी आलेफ दिलं फूलला, त्यामुळे जवळपास सगळे पत्ते एकेक घर सरकले. म्हणजे फ्रेंच पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक एकत्र वाचशील तर प्रत्येक पत्त्यावर भांडण. जस्टिस आणि स्ट्रेंग्थचे 8 आणि 11 हे आकडे अदलाबदल केले तेही ह्याचसाठी, सिंह रास आणि तूळ रास आपापल्या अक्षराखाली याव्यात म्हणून. तुझ्या डेकमध्ये स्ट्रेंग्थ 8 आहे ना, बघ काढून. जुन्या फ्रेंच मार्सेय डेकमध्ये तिथे जस्टिस असते.

होरा_आणि_हिशोब

पाचूचं उत्तर मी देतो कारण माझ्या डोक्याला हा ताप पाच वर्षं होता.

दोघंही चूक नाहीत, दोन वेगळ्या वंशावळी आहेत. अग्रिपाच्या दुसऱ्या खंडात आकड्यांचे तक्ते आहेत, एकाचा, दोनाचा असं करत बारापर्यंत, 777 सारख्या तक्त्यांचे आजोबाच म्हण. त्यात साताच्या तक्त्यात सात ग्रह आणि त्यांची सात रत्नं आहेत: शनीला ऑनिक्स, गुरूला नीलम, मंगळाला हिरा, रवीला लाल कार्बंकल, शुक्राला पाचू, बुधाला अकीक, चंद्राला स्फटिक. आता हे आपल्या नवग्रहांच्या अंगठीशेजारी ठेव. आपल्याकडे नीलम शनीचा, हिरा शुक्राचा, पाचू बुधाचा, गुरूला पुष्कराज. रवीचं लाल रत्न सोडलं तर काहीच जमत नाही! धातूंचं तेच. तिकडे तांबं शुक्राचं, कारण तांब्याचं लॅटिन नावच सायप्रस बेटावरून पडलंय आणि ते बेट त्या देवीचं. आपण सूर्याला अर्घ्य देतो ते तांब्याच्या भांड्यातून.

पण गंमत अशी की वारांमध्ये आणि होऱ्यांमध्ये दोघं तंतोतंत एक आहेत. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा क्रम, सूर्योदयाला ज्याचा वार त्याचा पहिला तास, मग क्रमाने फिरत राहायचं, पंचविसावा तास येतो तो दुसऱ्या दिवसाच्या ग्रहाचा. म्हणून रविवारनंतर सोमवार. तिकडचे लोक ज्याला प्लॅनेटरी अवर्स म्हणून मोठं गूढ करून सांगतात ते आपल्या पंचांगात चौकटीत छापलेलं असतं. होरा हा शब्दच ग्रीक आहे, वराहमिहिराने बृहज्जातकात काही जण तो अहोरात्रातून काढतात असं नोंदवून ठेवलंय ते वेगळं. फरक फक्त मापाचा: आपला होरा अडीच घटकांचा म्हणजे बरोबर 60 मिनिटांचा, आणि तिकडे दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा वेगवेगळे भाग करतात, त्यामुळे जूनमध्ये लंडनला दिवसाचा एक 'तास' 80 मिनिटांच्या वर जातो.

आता तुझा हिंग. शनिवारी साडेसहाचा सूर्योदय धरला तर संध्याकाळी साडेसहा ते साडेसात बुधाचा होरा. शनीचा परत साडेआठला लागतो. म्हणजे तू शनीचा हिंग बुधाच्या होऱ्यात जाळलास भावा. काकू येणारच, बुध म्हणजे निरोप्या.

सोमवारचा_संशयात्मा

हे सगळं वाचून एकच प्रश्न पडतो. नीलम एकाकडे गुरूचा आणि दुसऱ्याकडे शनीचा असेल तर त्या दगडाला माहितीये का तो कोणाचा आहे ते?

पुस्तकातली_वाळवी

@सोमवारचा_संशयात्मा प्रश्न बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर गोल्डन डॉनवाल्यांना स्वतःलाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. उदाहरण देते. त्यांच्याकडे पंचमहाभूतांचे दोन तक्ते एकाच वेळी चालू होते. एक त्यांचा स्वतःचा, अग्नी लाल, पाणी निळं, वायू पिवळा. दुसरा आपल्याकडून गेलेला, तत्त्वांची कार्डं म्हणायचे त्याला, पृथ्वी म्हणजे पिवळा चौकोन, आप म्हणजे रुपेरी चंद्रकोर, तेज लाल त्रिकोण, वायू निळं वर्तुळ आणि आकाश म्हणजे काळपट जांभळं अंडं. हे त्यांनी घेतलं राम प्रसाद यांच्या 1890 च्या इंग्रजी पुस्तकातून, स्वरशास्त्रावरचं, म्हणजे श्वासाच्या विद्येवरचं, थिऑसॉफी या गूढवादी चळवळीवाल्यांच्या वर्तुळातलं. आणि ही थिऑसॉफी काही वर्षं आपल्या मुंबईतच होती, 1879 ला ब्लाव्हाट्स्की बाई आणि कर्नल ऑल्कॉट आले ते आधी गिरगावात राहिले, त्यांचं मासिक इथूनच निघालं, मद्रासजवळ अड्यारला गेले ते नंतर, 1882 मध्ये. तर वायू एका वहीत पिवळा आणि दुसऱ्या वहीत निळा, आणि तीच माणसं आज ही वही, उद्या ती वही वापरायची. त्यांना कळत होतं की एका वेळी एक वही उघडायची असते. घोळ तेव्हा होतो जेव्हा पुढचा कोशकार दोन्ही वह्या एकाच पानावर उतरवतो आणि कुठून घेतलं ते लिहीत नाही.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर: जे कोश फक्त 'पैशासाठी हे, प्रेमासाठी ते' अशा याद्या देतात आणि एकाही ओळीचं मूळ सांगत नाहीत ते घेऊ नकोस, कितीही जाड असले तरी. स्टीफन स्किनरचे मॅजिशियन्स टेबल्स 2006 मध्ये आले, त्यात 777 पेक्षा कितीतरी जास्त रकाने आहेत आणि माणूस मूळ ग्रंथांत जाऊन शोधणारा आहे, पण ते लायब्ररीत बसून बघायचं पुस्तक, तुझ्या बजेटमध्ये बसणार नाही. अग्रिपा सुरुवातीला विकत घ्यायची गरजच नाही. लॅटिन पूर्ण छापलं 1533 ला, इंग्रजी झालं 1651 ला, आणि ते जुनं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. पैसे वाचव. पुढे आवड टिकली तर डोनाल्ड टायसनची टिपांवाली आवृत्ती घे, तळटिपाच जास्त वाचशील. भाषांतराच्या चुका त्याने जागोजागी दाखवल्यात.

आणि अग्रिपानेही हे स्वतः बसवलेलं नाही बरं का. त्याच्या मागे पिकाट्रिक्स हे अरबी जादूचं पुस्तक आहे, जे तेराव्या शतकात कॅस्टीलच्या दहाव्या अल्फोन्सोच्या दरबारात स्पॅनिशमध्ये उतरवलं गेलं. त्याच्याही मागे जाता येतं, पण मग जेवायला उशीर होतो.

अंगणातली_तुळस

धुपावर आणि झाडपाल्यावर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते, कारण लोक इथेच आजारी पडतात.

स्कॉट कनिंगहॅमचं वनस्पतींचं पुस्तक, 1985 चं, सगळ्यात सोपं, प्रत्येक झाडाखाली ग्रह, तत्त्व, उपयोग. पण त्यात बेसिल वाचून लगेच तुळस समजू नका. बेसिल मंगळाचं लिहिलंय, 1652 मध्ये कल्पेपर या इंग्रज वनस्पतीवैद्यानेही मंगळाचं आणि वृश्चिकेचंच म्हटलंय, पण ते बेसिल म्हणजे आपला सब्जा, ज्याचं बी फालुद्यात टाकतो. तुळस ही त्याची बहीण, वेगळी जात. मी पहिल्या वर्षी वृंदावनातल्या तुळशीची पानं मंगळाची म्हणून खुडली होती, सासूबाईंनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव बघायचंच बघायचं.

आणि हर्मिट, तू हिंगावर थांबलास ते नशीब समज. 777 च्या त्याच ओळीत गंधकही आहे, आणि पुस्तकात पुढे चक्क 'सगळे घाणेरडे वास' असंच म्हटलंय. अग्रिपाच्या शनीच्या धुपात तर खुरासानी ओवा आणि मॅन्ड्रेकचं मूळ आहे, दोन्ही विषारी, वर मांजराचा मेंदू नाहीतर वटवाघळाचं रक्त. हे बंद खोलीत जाळायचं नसतं, खरं म्हणजे कुठेच जाळायचं नसतं. जुन्या यादीत आहे म्हणून करून बघायलाच पाहिजे असं नाही. अग्रिपाच्या त्याच यादीत बोळही आहे, मर्‍ह म्हणतात तो, अत्तरवाल्यांकडे मिळतो. तो घे, वास कडवट असतो, शनीला शोभतो आणि शेजारी बेल वाजवत नाहीत.

कोपऱ्यातला_हर्मिट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डेक काढून बघितला, स्ट्रेंग्थ 8 च आहे, म्हणजे माझा डेक गोल्डन डॉनच्या घरचा, मग तीच वही उघडी ठेवतो. 777 सुधारित आवृत्ती सेकंडहँड मिळते का बघतोय, अग्रिपा फुकटवाला उतरवून घेतला. साताचा तक्ता एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, शेजारी दुसऱ्या कागदावर आपले नवग्रह, मध्ये जाणूनबुजून चार बोटं जागा सोडलीय.

आईने दोन्ही कागद वाचले. म्हणाली तिकडचा पाचू कोणाचा का असेना, माझा बुधाचाच आहे आणि तो तू हात लावायचा नाहीस. आणि हिंगाची डबी आता स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेलीय, मला न सांगता. शनिवारी रात्री साडेआठला बोळ जाळून बघतो, काकूंना आधी सांगून ठेवलंय.