जुन्या घराची खिडकी बदलायला परवानगी का लागावी?

ओसरी
गिरगावच्या खोताच्या वाडीबद्दल लिहिणारे बहुतेक जण पाडलेल्या घरांबद्दल लिहितात. मला उभ्या असलेल्या घरांबद्दल बोलायचं आहे. घर जागेवर, बाहेरून माडीवर जाणारा लाकडी जिना जागेवर; पण खिडकीला ॲल्युमिनियमची सरकती चौकट, सज्जा बंद करून खोलीत घेतलेला आणि कौलांच्या जागी निळा पत्रा. हेरिटेज म्हणजे वारसा यादीतल्या घरात असे बदल करण्याआधी कोणी तपासावेत का? माझं मत स्पष्ट आहे: तपासावेत, आणि तपासणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकारही असावा.

मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, देशातली पहिली. 'यादीत नाव आलं की खिळाही ठोकता येत नाही' ही तिच्याबद्दलची समजूत चुकीची आहे. यादीत इमारतींचे महत्त्वानुसार वर्ग आहेत. तेवढी कडक अट वर्ग एकच्या, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या इमारतींना आहे. वर्ग दोन-अ मध्ये आतले बदल छाननी करून करू देतात. वर्ग तीनमध्ये तर बाहेरचे बदलही साधारणपणे चालतात. मूळ रूपाला बाधा येऊ नये, इतकीच अपेक्षा असते. घराचं स्वयंपाकघर कसं असावं हे कोणी विचारत नाही. गल्लीकडचं तोंड मात्र सगळ्या गल्लीचं असतं. एकाने सज्जा बंद केला की शेजारी त्याचाच दाखला देतो, आणि पाच-सहा वर्षांत ओळच्या ओळ जाते.

निशिगंधा_क
तुमचं घर यादीत आहे का हो? आमचं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्त्याकडच्या खिडक्या कुजल्यात, पावसात पाणी थेट पलंगावर येतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी अर्ज केला, तो नाकारला. कारण एका ओळीत: 'मूळ वास्तुरूपाशी विसंगत'. मग सुसंगत काय, ते कोणी सांगितलं नाही. जुन्या सागवानाच्या खिडक्या नव्याने करायला सुताराने जो आकडा सांगितला, त्यात आमच्या अख्ख्या घराचं वायरिंग झालं असतं. रूप गल्लीचं आणि खर्च आमचा, हा कुठला न्याय?

कौलारू
निशिगंधाताईंशी सहमत. मुंबईत तर भाड्याचा प्रश्न वेगळाच. १९४७च्या कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरावर बांधून ठेवली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी, पण मूळ रक्कमच शे-दीडशे असेल तर ४ टक्क्यांत बिजागरीही येत नाही. अशा मालकाला 'लाकूडच लाव' म्हणणं म्हणजे घर पडेपर्यंत थांब म्हणणं. खिडकी नाकारलेलं घर दहा वर्षांनी धोकादायक ठरतं, मग पाडायला परवानगी मिळते. हे जास्त वाईट नाही का?

ओसरी
कौलारू, पैशाचा मुद्दा मान्य. पण त्यावर उत्तर मालकाला पैसे देणं हे आहे, तपासणी काढून टाकणं नव्हे. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवस्त्यांमध्ये, वारसा घरांच्या मालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या जागी वापरण्यासाठी, विकता येतो. मुंबईच्या नियमांतही ती सोय आहे.

कौलारू
टीडीआर कागदावर. दोन खोल्यांच्या घराचे चार भाऊ वारस, त्यातले दोघे परदेशी. सह्या कोण गोळा करणार?

चुनाभट्टी
जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून थोडं तांत्रिक.

जुनी खिडकी ही फक्त शोभा नाही. खाली झिलमिल्या, म्हणजे तिरक्या करता येणाऱ्या लाकडी पट्ट्या असलेली झडप, मध्ये काच, वर झरोका. पावसात काच लावून घ्यायची, झिलमिल्या तिरक्या ठेवायच्या: पाणी बाहेर, वारा आत. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग कायम बंदच राहतो. वर ती बसवताना गवंडी चौकटीभोवती सिमेंट थापतो. जुनी भिंत चुन्याची. ती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आतच अडवतं, आणि ती शेजारच्या लाकडात उतरते. अशा एका पॅचच्या खाली खांबात पेचकस टोचून पाहिला, तो मुठीपर्यंत गेला. वरून रंग अगदी छान होता. खिडकीचा अर्ज तपासायचा तो मुख्यतः यासाठी.

निशिगंधाताई, खिडक्या कुजतात त्या बहुधा खालच्या वीतभर भागात, जिथे पाणी साचतं. तेवढंच कापून सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. पूर्ण नव्या खिडकीपेक्षा खर्च बराच कमी. नवीन अर्ज 'बदल' म्हणून करू नका, 'दुरुस्ती' म्हणून करा: चारही बाजूंचे फोटो, एका खिडकीचं मापासकट रेखाचित्र, त्यावर कुजलेला भाग लाल रंगाने. तपासणाऱ्याला यात नाही म्हणायला फारसं काही उरत नाही.

ओसरी
चुनाभट्टी, हे नकाराच्या पत्रातच छापलेलं असायला हवं. नुसतं 'विसंगत' लिहून फाईल परत पाठवणं ही तपासणी नाही, ती टाळाटाळ आहे. हेरिटेज समितीने नाही म्हटलं तर त्याच कागदावर काय चालेल ते रेखाटून द्यावं. पण अधिकार राहावा, यावर मी ठाम आहे.

निशिगंधा_क
चुनाभट्टी, मनापासून आभार. सांध्याचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे असं काम करणारा सुतार मिळाला तर ॲल्युमिनियमचा हट्ट सोडीन. सज्ज्याचं मात्र पटलेलं नाही. आईचा पलंग सज्ज्याला लागूनच आहे, आणि जुलैत आडवा पाऊस थेट तिथपर्यंत येतो. गल्लीला कठडा दिसायला हवा तर कठड्याच्या आत काच लावू द्या. तेही नाकारलं, तर मी परवानगीविना लावीन, आणि नोटीस आली की इथेच येऊन सांगेन.

चुनाभट्टी
कठड्याच्या आत, मागे सरकवून, उघडता येणारी आणि भिंतीला न ठोकलेली काच असेल तर मी स्वतः त्या बाजूने लिहून देईन. सज्ज्याचा फोटो आणि सज्जा किती फूट खोल आहे ते व्यक्तिगत निरोपात पाठवा.