मदत हवी आहे: बुरशी धरलेलं सोयाबीनचं भुसकट कसं हलवावं?

परतीच्या पावसात भिजलेलं भुसकट तसंच शेडमध्ये रचलं गेलंय. गंजीत हात घातला तर गरम लागतं आणि पाटी भरताना पिठासारखी पांढुरकी धूळ उठते. ते काढणाऱ्या दोघांना दिवस मावळताना थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, मग 'व्हायरल असेल' म्हणून विषय संपतो.

मला हे 'फार्मर्स लंग' (बुरशीट चाऱ्याच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) वाटतंय. ओल्या चाऱ्यात ४० ते ६० अंशांना ॲक्टिनोमायसीट जिवाणू फोफावतात, जोडीला ॲस्परजिलस बुरशी. ५ मायक्रॉनहून बारीक बीजाणू थेट वायुकोशांपर्यंत जातात. हा संसर्ग नाही, ॲलर्जी आहे. अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही. धुळीनंतर ४ ते ८ तासांनी ताप ही खूण. एक्स-रे पुष्कळदा साफ येतो, पण असंच चालू राहिलं तर फुफ्फुसात कायमचे व्रण पडतात.

रुमाल बांधून भागत नाही, कडेने हवा शिरतेच. एन-९५ आणलेत, पण एकाला दाढी आहे, मास्क नीट बसत नाही. त्याला हे काम देऊच नये, की दुसरा उपाय आहे?

पाणी शिंपडून भुसकट थेट उकिरड्यात टाकायचा विचार आहे (परत रचलं तर पुन्हा तापणार). जनावरांना घालणार नाही. कुणी असं केलंय का?

आणि एचआरसीटीसोबत (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ते बघणारी) तपासणी लातूर किंवा अंबाजोगाईत होते का, की संभाजीनगरच गाठावं लागेल?