शब्दचर्चा: पात्र 'उभं राहतं' की 'उठून दिसतं'? (मांगावरच्या लेखात अडलोय)

कोरा_कागद
मांगा (जपानी चित्रकथा) आणि लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या जपानी कादंबऱ्या) वाचणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे, त्यांच्यासाठी एका जपानी लेखाचं मराठी करतोय. लेखाचा विषय असा की काही पात्रं दोन पानांत आपल्याला धरून ठेवतात आणि काहींची दहा खंड वाचूनही नावं आठवत नाहीत, असं का होतं. त्यात पानोपानी येतं 'क्यारा गा तात्सु'. क्यारा म्हणजे कॅरॅक्टर, तात्सु म्हणजे उभं राहणं. मी सरळ लिहिलं 'पात्र उभं राहतं', कारण आपल्याकडे ते आयतंच आहे, नाटकाच्या परीक्षणात असतंच की अमक्याने भूमिका छान उभी केली. पण गटात एक ताई जपानी शिकवतात, त्यांनी सगळीकडे खोडून 'पात्र उठून दिसतं' केलं. त्या म्हणतात जपानीत अर्थ आहे 'चारचौघांत वेगळं ओळखू येणं' आणि मराठीत 'उभं राहणं' म्हणजे 'खरंखुरं वाटणं', दोन्ही एक नाहीत. मला 'उठून दिसणं' म्हटलं की साडीचा काठच डोळ्यासमोर येतो. काय ठेवू? आणि मांगा लिहायचं की मंगा?

तोक्योकर
ताईंचं अर्धं बरोबर आहे. तात्सु फार ठिकाणी फिरतो, मे म्हणजे डोळा, मेदात्सु म्हणजे नजरेत भरणं, हारा म्हणजे पोट आणि 'हारा गा तात्सु' म्हणजे राग येणं, 'याकु नि तात्सु' म्हणजे उपयोगी पडणं. तेव्हा नुसत्या 'उभं' वरून काही ठरवू नका. क्यारामध्ये वेगळेपणाची छटा आहेच, पण ती कपड्यांच्या किंवा केसांच्या रंगापुरती नाही. हा शब्द मांगाच्या जगात ज्यांनी सगळ्यात जोरात लावून धरला ते कोइके काझुओ. 'कोझुरे ओकामी' हा मांगा त्यांनी लिहिला (चित्रं कोजिमा गोसेकींची, 1970 ते 1976), नंतर 1977 मध्ये 'गेकिगा सोन्जुकु' ही मांगा शिकवणारी शाळा काढली, प्रसिद्ध मांगाकार ताकाहाशी रुमिको तिथल्याच. त्यांचं सगळं शिकवणं एकाच गोष्टीभोवती, आधी क्यारा उभा करा, कथानक त्याच्या मागून येतं.
मांगा/मंगा: जपानी 'आ' ऱ्हस्व असतो, आपल्याकडे ऱ्हस्व आ नाही, त्यामुळे दोन्ही चालतं. मी मांगा लिहितो.

मुळाक्षर
मराठीत 'पात्र' आहे, 'व्यक्तिरेखा' आहे, तरी लोक 'कॅरॅक्टर' का लिहितात हे मला कधी समजलेलं नाही. व्यक्तिरेखा तर इथे जास्तच चपखल, कारण मांगात माणूस खरोखरच रेषेतून जन्मतो. आणि पात्र हा शब्द तुम्ही भांडं म्हणून बाजूला सारू नका, नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त, त्याने नटाला पात्र का म्हणायचं ते सांगितलंय, मद्याची चव भांड्याला लागत नाही, ते फक्त चव पोचवण्याचं साधन, तसा नट. चव घेणारा रसिक. मांगाचा वाचक तरी वेगळं काय करतो?

रात्रीचा_वाचक
पण मग त्यात पात्र रिकामं झालं ना, नुसतं साधन. आम्हाला आवडणारी पात्रं रिकामी नसतात. आणि कॅरॅक्टर हाही काही परका नाही हो आता, माझी आज्जी मालिका बघताना म्हणायची 'ह्या बाईचं कॅरॅक्टर बदललं', तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोरलेली खूण, म्हणजे ठसा. मनावर ठसतं ते कॅरॅक्टर. म्हणून मी म्हणेन 'पात्र ठसठशीत आहे' असंच लिही, उभंही नको आणि उठूनही नको.

मुळाक्षर
ठसठशीत कुंकू असतं, टपोरं, ठळक. त्यात बाहेरचा आकार आहे, आतलं काही नाही.

तोक्योकर
थांबा, हाच वाद जपानीत झालेला आहे. इतो गो नावाचे समीक्षक आहेत, त्यांनी 2005 च्या पुस्तकात क्यारा आणि क्याराकुता असे दोन वेगळे केले. लोक समजतात क्यारा हे नुसतं लघुरूप. ते म्हणतात क्यारा म्हणजे साध्या रेषांनी काढलेली, नावाने ओळखली जाणारी अशी एक हजेरी, जी गोष्टीतून उचलून दुसरीकडे ठेवली तरी तीच राहते. क्याराकुता म्हणजे जिच्यामागे आयुष्य आहे, शरीर आहे, जी मरू शकते असं वाटतं. आता बघा, पहिल्याला 'पात्र' आणि दुसऱ्याला 'व्यक्तिरेखा' असं वाटून दिलं तर?

मुळाक्षर
उलट करा. रेषांची ती रेखा. पात्रात काहीतरी भरलेलं असतं.

रात्रीचा_वाचक
मला ह्या वाटणीपेक्षा उभं राहतं कशामुळे ते सांगावंसं वाटतं. कोझुरे ओकामीच घ्या. ओगामी इत्तो, शोगुनाच्या हुकमाने शिरच्छेद करणारा अधिकारी, बायकोचा खून झालाय, त्याला सूडाच्या वाटेवर निघायचंय. तो रांगत्या पोरासमोर दोन वस्तू ठेवतो, एक चेंडू आणि एक तलवार. चेंडूकडे गेलास तर तुला आईकडे पाठवतो, म्हणजे मारून टाकतो, तलवारीकडे गेलास तर माझ्याबरोबर चल. पोर चेंडूकडे बघतं, मग तलवारीला हात लावतं. बाप त्याला कुशीत घेतो. ह्यात इत्तो किती क्रूर आणि किती मायाळू ते एकाच कृतीत कळतं आणि पुढे कितीही खंड वाचा, प्रत्येक वेळी पोराची ती ढकलगाडी दिसली की तो चेंडू आठवतो. कोणी दहा पानं त्याचा स्वभाव सांगितला असता तर असं झालं असतं का? तेव्हा 'उभं राहणं' हे कृतीतून होतं, 'उठून दिसणं' हे वर्णनातून. माझं मत उभं.

घाटवाट
उभं पीक म्हणतात आमच्याकडं. शेतात आहे, कापलेलं नाही, अजून वाऱ्यापावसाचा घोर आहे असं पीक. मला हा अर्थ लई जवळचा वाटतो, जे पात्र उभं आहे त्याचं काय होईल ह्याची काळजी लागते. कोइकेंचंच म्हणणं आहे ना की नायकाला कच्चा दुवा द्या आणि प्रतिस्पर्ध्याला खोट द्या? 'वन पीस'चा लुफी समुद्री चाचा आणि त्याला पोहता येत नाही. बस, पाणी दिसलं की पोटात गोळा.

कोरा_कागद
हे माझ्या लेखातही आहे आणि तिथेही अडलोय. जपानीत जाकुतेन आणि केत्तेन. पहिलं नायकाला, दुसरं प्रतिस्पर्ध्याला. मी दोन्हीकडे 'दोष' लिहिलं होतं.

मुळाक्षर
दोष नको. पहिल्याला 'उणीव', दुसऱ्याला 'खोट'. नाण्यात खोट असते, माणसाच्या मनात असते. उणीव भरून निघू शकते, खोट निघत नाही.

स्वल्पविराम
उणीव म्हणजे काहीतरी कमी असणं. जाकु म्हणजे दुबळं, केत्सु म्हणजे उणं, तुटलेलं. शब्दशः गेलात तर उणीव प्रतिस्पर्ध्याकडे जाते. घाटवाट म्हणाली तसं 'कच्चा दुवा' चांगलाय, आपण रोज बोलतो.

मुळाक्षर
शब्दशः जायला कोण सांगतंय, अर्थ बघा.

रात्रीचा_वाचक
मगाशी मी 'उभं'च्या बाजूने बोललो पण एक गोष्ट राहिली. 'स्लॅम डंक' ह्या बास्केटबॉलवरच्या मांगात सान्नो शाळेविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे सेकंद. संवाद नाही, आवाजाची अक्षरं नाहीत, फक्त रेषा, घाम, हात. आणि साकुरागी आणि रुकावा, ज्यांचं एकमेकांशी कधी पटलंच नाही, ते एकमेकांच्या हातावर टाळी मारतात आणि लगेच तोंडं फिरवतात. ते एक चित्र लागायला मांगाकार इनोउएंना अख्खी मालिका, 1990 पासून 1996 पर्यंत, घालवावी लागली. ते पान पहिल्या खंडात काढलं असतं तर त्यात काहीच नव्हतं. मांगात पात्र उभं राहतं ते असं साठत साठत.

तोक्योकर
चित्राचं झालं. पण लाइट नॉव्हेलमध्ये चित्रं मोजकी, बाकी सगळं बोलणं, आणि बरेचदा 'तो म्हणाला' 'ती म्हणाली' पण नसतं. तिथे पात्र 'मी' म्हणण्यावरून ओळखायचं. ओरे म्हणाला तर रांगडा, बोकु म्हणाला तर मवाळ मुलगा, वाशी म्हणाला आणि वाक्याच्या शेवटी 'ज्या' आलं की म्हातारा प्राध्यापक. खरे म्हातारे असं बोलत नाहीत, पण जपानी पोराला वाचताक्षणी म्हातारा दिसतो. ह्याला 'याकुवारिगो' म्हणतात, किन्सुई सातोशींनी 2003 च्या पुस्तकात त्याचं मूळ शोधलंय, एदो शहरात (आताचं तोक्यो) वयस्क शिकलेली माणसं क्योतो-ओसाकाकडची वळणं धरून होती आणि तरुण एदोची बोली बोलू लागले, त्यातून नाटकांत, गोष्टींत म्हाताऱ्याची भाषा ठरून गेली.
माझा आवडता नमुना होरो, हासेकुरा इसुनाच्या लांडगी आणि मसाल्याच्या मालिकेतली (पहिला खंड 2006). शतकानुशतकं जगलेली, गव्हाची देवता, दिसते कोवळी पोर. ती स्वतःला 'वाच्ची' म्हणते आणि समोरच्या व्यापाऱ्याला 'नुशी'. ही जुन्या काळच्या गणिकांच्या वस्तीतली भाषा. पहिल्या दोन वाक्यांत ती वयाने मोठी, लाडिक आणि समोरच्याला खेळवणारी आहे हे कळतं, लेखकाला सांगावं लागत नाही. हे मराठीत कसं आणणार?

मुळाक्षर
पेशवाईतल्या पत्रांची भाषा आहे की. 'आम्हांस भूक लागली आहे, तुम्हांस दिसत नाही काय?' एका वाक्यात वय आणि रुबाब दोन्ही.

घाटवाट
रुबाब आला, लाडिकपणा गेला. आणि जुनं म्हटलं की दरबारच का आठवतो तुम्हाला? ती गव्हाची देवता आहे, आमच्याकडं जात्यावरच्या ओव्या आहेत, दळताना बाया म्हणायच्या, त्यात देवाला अरेतुरे आहे, लाड आहे, टोमणा आहे, सगळं आहे. 'दाणं भरडून हात दुखलं रं माझं, तू नुसता बसून ऱ्हा.' ही बाई म्हातारीपण असू शकते आणि पोरगीपण.

स्वल्पविराम
कल्पना सुंदर आहे पण वाचकाला ती खेड्यातली विनोदी बाई वाटेल ही भीती.

घाटवाट
वाचकाला तसं का वाटतं ते बघा. सिनेमात गावाकडची बोली फक्त हसवायला नाहीतर मार खायला ठेवली, म्हणून. मी कागलकडची. आमच्याकडं पोरी 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्यात शिकायला गेल्यावर होस्टेलवर रोज त्याची टिंगल व्हायची, मी 'आले' 'गेले' शिकून घेतलं, घरी फोनवर मात्र 'आलो'च. पुढं मांगा वाचायला लागले तेव्हा बोकु म्हणणारी मुलगी भेटली आणि वाटलं ही आपली. मग कळलं की नाही, जपानीत ते तिच्या स्वभावाची खूण म्हणून ठेवलंय, मुलांसारखी, बिनधास्त. आमच्याकडं आज्जीपण 'आलो' म्हणते, त्यात बिनधास्त काही नाही, ती भाषाच आहे. त्यामुळं कोणी उद्या बोकुवाल्या पोरीला कोल्हापुरी बोलायला लावलं तर मला ते आवडेल का राग येईल हे खरंच ठरत नाही.

तोक्योकर
किन्सुईंनी गोष्टीतल्या खेडवळ भाषेबद्दल हेच दाखवलंय, ती कुठल्याच एका गावाची नसते. ओसाकाकडच्या लोकांनाही आपली बोली कायम विनोदी किंवा कंजूष पात्राला दिली जाते ह्याचा त्रास होतो.

मुळाक्षर
मग प्रमाणभाषेतच लिहा. कोणाचं मन दुखायला नको आणि शब्दही शुद्ध राहतील.

घाटवाट
प्रमाणभाषा पण कोणाचीतरी बोलीच आहे. त्यात सगळी पात्रं एकाच घरात वाढल्यासारखी बोलतील, मग उभं कोण राहणार आणि उठून कोण दिसणार?

कोरा_कागद
ह्याच्या जवळचंच एक विचारतो. लेखात एका कादंबरीचा उतारा आहे, कथा सांगणारी व्यक्ती बाई की पुरुष हे शेवटापर्यंत लपवलंय. जपानीत क्रियापदाला लिंग नाही, सोपंय. मराठीत 'मी गेलो' लिहिलं की संपलं.

स्वल्पविराम
संपत नाही, मराठीत बऱ्याच पळवाटा आहेत. सकर्मक भूतकाळ धर, 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं', लिंग दाराचं आणि पत्राचं, तुझं नाही. भविष्यकाळ, 'मी जाईन', 'मी सांगेन'. 'मला' वापर, 'मला झोप येत नव्हती', 'मला निघायला हवं होतं'. अडचण फक्त जाणं, येणं, बसणं, रडणं ह्यांची. तिथे 'पाय घराकडे वळले', 'डोळे भरून आले' असं कर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संवाद, 'मी म्हणालो/म्हणाले' टाळ आणि 'मी म्हंटलं' लिही, अर्थ तोच आणि लिंग नाही.

रात्रीचा_वाचक
एकच, 'पाय वळले', 'डोळे भरले' हे सारखं आलं तर ती व्यक्ती स्वतःपासून लांब उभी आहे असं वाटायला लागेल. उताऱ्यातली व्यक्ती तशी आहे का ते आधी बघ. नसेल तर तू लिंग लपवताना पात्रच बदललंस.

कोरा_कागद
आहे खरी तशी थोडी अलिप्त. करून बघतो.

मुळाक्षर
सूचना उत्तम, पण 'म्हंटलं' नव्हे, 'म्हटलं'. ट वर अनुस्वार नाही, म वरही नाही.

घाटवाट
आम्ही बोलताना स्पष्ट 'म्हंटलं' म्हणतो. सांगणारं पात्र बोलतंय तर तसंच लिहायचं.

मुळाक्षर
उच्चारात 'ह'मुळे नाकातून आल्याचा भास होतो, म्हणून काय लिहायचं? धातू 'म्हण', त्याचं 'म्हटले'. ण गेला तो गेला.

तोक्योकर
ण गेला तर त्याची जागा अनुस्वाराने घेतली असं का नाही म्हणायचं? 'म्हण'चा ण नाकातलाच आहे. ह्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, मला जुन्या पोथ्यांतली दोन्ही रूपं बघायची आहेत.