हेबियस कॉर्पस : यातला ‘देह’ कोणाचा?

प्रश्न : एखाद्याला बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार असली, की वर्तमानपत्रांत ‘हेबियस कॉर्पस’ दाखल झाल्याचे वाचायला मिळते. मराठीत यालाच देहोपस्थितीची याचिका म्हणतात. हा ‘देह’ आला कोठून, आणि त्या व्यक्तीला न्यायालयासमोर प्रत्यक्ष उभे करावेच लागते का?

प्रतिसाद १ : हे शब्द मध्ययुगीन इंग्लंडमधील लॅटिन आज्ञापत्राच्या मजकुरातले आहेत. ‘हेबियस कॉर्पस अॅड सबजिसिएंडम’ म्हणजे ‘न्यायालय जो निर्णय देईल तो पत्करण्यासाठी तू त्याचा देह हजर ठेव’, आणि यातला ‘तू’ कैदी नसून त्याला ताब्यात ठेवणारा आहे, हे महत्त्वाचे. आरंभी अशा आज्ञापत्रांचा उपयोग माणसाला कोर्टात आणण्यापुरताच होई. कैदेचे कारण तपासण्याचे साधन म्हणून त्यांना धार आली ती पुढे, आणि १६७९च्या इंग्लिश कायद्याने ती पक्की केली.

प्रतिसाद २ : आपल्याकडचा एक जुना प्रसंग अवश्य वाचावा. १८२८ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातील मोरो रघुनाथ या मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो अमलात येऊ दिला नाही, तेव्हा न्यायमूर्ती ग्रँट यांनी कोर्टाचे कामकाजच थांबवले. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील मंडळाने, १८२९ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने दिला, परंतु राज्यकर्त्यालाही जाब विचारणारा असा न्यायाधीश त्या काळी मुंबईत होता, याचे मोल मला फार वाटते.

प्रतिसाद ३ : मूळ प्रश्नाच्या उत्तरार्धाबद्दल : प्रत्येक वेळी हजर करावेच लागते असे नाही. नक्षलवादी नेते कनू सन्याल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितले, की व्यक्तीला समोर न आणताही कैदेची वैधता तपासता येते. खरा घाव बसला तो २८ एप्रिल १९७६ रोजी, जेव्हा आणीबाणीत ही याचिका चालू शकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले आणि एकट्या एच. आर. खन्ना यांनी विरोध नोंदवला. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २१च्या, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या, अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही, आणि १९७६चा तो निकालही २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ही याचिका कैद्यानेच करावी लागते का?

प्रतिसाद ३ : नाही. आई, पत्नी, मित्र, कोणीही त्याच्या वतीने अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकते.