मदत हवी आहे: डीआर (डिझास्टर रिकव्हरी) ड्रिल ९ तासांवरून ४ तासांत कशी आणायची? ऑटोमेशन नेमकं कशाचं करायचं?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

एका मोठ्या वित्तसंस्थेच्या (एनबीएफसी) डीआरचं, म्हणजे मुख्य केंद्र बंद पडलं तर काम दुसरीकडून चालवण्याच्या व्यवस्थेचं, ऑटोमेशन करायचं आहे. मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईतल्या महापेला, डीआर हैदराबादला. व्हीएमवेअरवर ३४० व्हीएम (आभासी सर्व्हर) आहेत. ओरॅकलचे ४ डेटाबेस, त्यातला सर्वांत मोठा ६ टीबीचा. ते डेटा गार्डने (डेटाबेसची प्रत दुसरीकडे ठेवणारी ओरॅकलची सोय) मॅक्सिमम परफॉर्मन्स मोडमध्ये, म्हणजे पलीकडच्या पोचेची वाट न बघता, हैदराबादला जातात. बाकी व्हीएम व्हीस्फिअर रेप्लिकेशनने, आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळचा डेटा गेला तर चालेल) १५ मिनिटं. ठरलेला आरटीओ (सेवा पुन्हा उभी करायची मुदत) ४ तास, पण गेल्या ड्रिलला ९ तास १० मिनिटं लागली. रनबुक (ऐन वेळी करायच्या पायऱ्यांची यादी) म्हणजे १८० ओळींची एक्सेल शीट.

वरून दोन मागण्या आहेत. मॉनिटरिंगने बिघाड ओळखून फेलओव्हर (काम डीआरवर हलवणं) आपोआप करावा, आणि डेटा लॉस शून्य असावा. हे कितपत योग्य आहे? आणि सुरुवात कुठून करू?

निळीशाई

सुरुवात स्क्रिप्टपासून करू नका, त्या ९ तासांच्या हिशेबापासून करा. १८० ओळींपुढे तीन रकाने वाढवा: काम सुरू कधी झालं, संपलं कधी, आणि मधला वेळ कशाची वाट बघण्यात गेला. डेटा गार्डचा स्विचओव्हर (दोन्ही बाजूंची ठरवून केलेली अदलाबदल) काही मिनिटांत होतो. व्हीएम चालू व्हायलाही फार वेळ लागत नाही. उरलेले तास मंजुरीचा मेल, फायरवॉलचा एखादा न उघडलेला पोर्ट, कुणाकडे तरी अडकलेला पासवर्ड, 'नेटवर्क टीम कॉलवर येते आहे' यांत गेलेले दिसतील. हे तसंच ठेवून फक्त व्हीएमचं ऑटोमेशन केलंत तर ९ तासांचे साडेआठ होतील.

चौथा रकाना अवलंबनाचा: ही पायरी कुठल्या पायरीशिवाय सुरूच होऊ शकत नाही. तो भरला की सरळ रांगेत चाललेली बरीच कामं एकाच वेळी करता येतील असं दिसतं. क्रम साधारण असा ठेवा. आधी नेटवर्क, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), एनटीपी (घड्याळं जुळवणारी), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (लॉगिन तपासणारी) आणि पासवर्ड व्हॉल्ट; मग डेटाबेस; मग एमक्यू, काफ्का वगैरे निरोप पोचवणारा मधला थर; मग अ‍ॅप्लिकेशन, लोड बॅलन्सर (येणारा भार सर्व्हरमध्ये वाटणारा); मग बाहेरच्या जोडण्या. जॉब शेड्यूलर (ठरल्या वेळी बॅच चालवणारा) सर्वांत शेवटी, आणि तोही माणसाने तपासून. महापेचा शेड्यूलर जिवंत असताना हैदराबादचा सुरू झाला तर नॅचची (खात्यातून हप्ते आपोआप कापणारी बँकांची यंत्रणा) तीच फाइल दोनदा जाईल आणि कर्जदाराचा हप्ता दोनदा कापला जाईल. म्हणून शेवटची पूर्ण झालेली बॅच कोणती हे डेटाबेसमधून वाचून, बँकेकडच्या पोचपावतीशी जुळवूनच पुढे जायचं.

३४० च्या ३४० व्हीएम ४ तासांत लागतात का, हेही व्यवसायाच्या लोकांना विचारा. एचआर पोर्टल आणि कर्जवसुली एकाच रांगेत उभी असतील तर वेळ तिथेही जातो आहे.

सातबारा

पूर्ण आपोआप फेलओव्हरला माझा स्पष्ट विरोध आहे. पायऱ्या यंत्राने कराव्यात, निर्णय माणसाने घ्यावा.

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुवा फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेने मायएसक्यूएलचे प्रायमरी (ज्यांवर व्यवहार लिहिले जातात ते मुख्य डेटाबेस) पश्चिम किनाऱ्यावर नेले. पूर्वेकडे लिहिलेले काही व्यवहार पश्चिमेला पोचलेले नव्हते आणि पश्चिमेला नवे व्यवहार सुरू झाले होते. ते निस्तरेपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. तुमच्याकडे तर हे व्यवहार पैशांचे आहेत.

हैदराबादहून महापे दिसत नाही याचा अर्थ महापे बंद पडलं असा होत नाही, मधली लिंक तुटलेली असू शकते. म्हणून तिसऱ्या ठिकाणाहून पाहणारा साक्षीदार हवा. ओरॅकलचा फास्ट-स्टार्ट फेलओव्हर (आपोआप होणारा) वापरायचाच असेल तर त्याचा ऑब्झर्व्हर, म्हणजे हाच साक्षीदार, महापेतही नको आणि हैदराबादेतही नको. त्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते, म्हणजे ऑब्झर्व्हर आणि हैदराबाद या दोघांनाही महापे अर्धा मिनिट दिसलं नाही की तो कामाला लागेल.

बटण दाबलं की पहिली पायरी जुनी बाजू कुंपणाआड टाकण्याची: लोड बॅलन्सरवर महापेचा पूल बंद, शेड्यूलर बंद, डेटाबेसची सर्व्हिस बंद. ते शक्य नसेल तर राउटरवरून तो मार्गच काढून घ्यायचा. हे झाल्याची खात्री पटेपर्यंत पुढची पायरी चालू होऊ नये.

निर्णयाचा वेळही घड्याळात धरा. २०२१ मध्ये सेबीने स्टॉक एक्स्चेंजसारख्या संस्थांसाठी आपत्ती ३० मिनिटांत जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पलीकडे उभं राहायचं असं बंधन घातलं. तुम्हाला ते लागू नाही, पण 'किती मिनिटांत ठरवायचं' हे लिहून ठेवण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. निर्णय घेणारे दोघं आणि त्यांचे दोन पर्यायी, नावानिशी.

शून्य डेटा लॉसचं गणित असं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ६२० किमी, म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद ही खालची मर्यादा झाली. केबलचा खरा मार्ग लांबचा असल्याने प्रत्यक्ष आकडा जास्तच येतो. तो १० धरा. सिंक्रोनस (पलीकडची पोच आल्यावरच पुढे जाणारं) केलंत तर प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का होणं) तेवढा थांबतो. दिवसअखेरीची बॅच एकेक ओळ कमिट करत १० लाख नोंदी लिहीत असेल, तर तिच्यात १०,००० सेकंद म्हणजे पावणेतीन तासांची भर पडेल.

शून्यच हवं असेल तर जवळ, समजा पुण्यात, ओरॅकलचा फार सिंक (डेटा गार्डचा मधला थांबा) ठेवा. त्यात डेटाफाइल नसतात, फक्त कंट्रोल फाइल आणि लॉग. महापेहून तिथे सिंक्रोनस, तिथून हैदराबादला असिंक्रोनस. अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्डचं लायसन्स लागतं, ते बजेटमध्ये आधीच धरा.

बँडविड्थही मोजा. रीडूचा (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) सर्वाधिक वेग सेकंदाला १५ एमबी असेल तर १५ ÷ ०.७ × ८ (०.७ नेटवर्कच्या स्वतःच्या खर्चासाठी, ८ बाइटचे बिट करण्यासाठी), म्हणजे सुमारे १७१ एमबीपीएस फक्त त्यासाठी लागेल. दिवसाची सरासरी घेऊ नका, महिनाअखेरीच्या रात्रीचा आकडा घ्या.

रातवा

वरच्या दोघांशी सहमत. सर्व्हरच्या बाहेरचं थोडं सांगतो.

डोमेन कंट्रोलर (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) रेप्लिकेशनने पलीकडे नेऊ नका. हैदराबादेत कायम चालू असलेला स्वतंत्र डोमेन कंट्रोलर हवा. आणि त्याचा ऑफलाइन बॅकअपही हवा, कारण जिवंत कंट्रोलर एकमेकांच्या चुकाही उचलतात. २०१७ च्या नॉटपेट्या या मालवेअरच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर गेले. घानातला एक वाचला, कारण तिथली वीज गेल्याने तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. हाच नियम रेप्लिकेशनला: रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस) एनक्रिप्ट झालेली फाइल १५ मिनिटांत हैदराबादेतही एनक्रिप्ट झालेलीच असेल. रॅन्समवेअरसाठी वेगळा रनबुक आणि बदलता न येणारा बॅकअप ठेवा.

अ‍ॅन्सिबल (पायऱ्या चालवणारं), गिट (स्क्रिप्ट ठेवणारं) आणि व्हॉल्ट कुठे चालतात? महापेला असतील तर ऐन वेळी बटणच हाताशी नसेल. तिन्ही हैदराबादेत हवेत, आणि महापेचं लॉगिन न वापरता उघडले पाहिजेत. रनबुक आणि फोन नंबर कागदावरही छापून ठेवा.

क्रेडिट ब्युरो, बँकांच्या एपीआय, एसएमएस गेटवे यांच्याकडे हैदराबादचे पब्लिक आयपी आत्ताच नोंदवा. सर्व्हरच्या आयडीला बांधलेली लायसन्सही तपासा.

आणखी एक. साइट रिकव्हरी मॅनेजरची (व्हीएम पलीकडे उठवणारं व्हीएमवेअरचं साधन) टेस्ट वेगळ्या, बंद नेटवर्कमध्ये होते. व्हीएम उठतात का एवढंच त्यात कळतं. बाहेरच्या जोडण्या, डीएनएस, खरा भार यांतलं काही कळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी सहामाही ड्रिल आणि किमान एक पूर्ण कामाचा दिवस, दिवसारंभापासून दिवसअखेरीपर्यंत, डीआरवरून चालवणं अपेक्षित आहे. ऑटोमेशन त्यासाठीच बांधा.

डोंगरवाट

खूप आभार. एक्सेलमध्ये रकाने वाढवायला घेतले आहेत. चारही डेटाबेसवर डेटा गार्डच्या ब्रोकरमधून 'व्हॅलिडेट डेटाबेस' ही तपासणी चालवली. ६ टीबीवाल्यावर फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदल रीडूत नोंदवायची सक्ती) बंद आहे, स्टँडबाय रीडू लॉग (आलेला रीडू पलीकडे उतरवून घेणाऱ्या फाइली) कमी आहेत, फ्लॅशबॅकही (डेटाबेस मागच्या वेळेला नेण्याची सोय) बंद. यातलं तातडीचं काय?

सातबारा

फोर्स लॉगिंग, आजच. ते बंद असताना कुणी नोलॉगिंगने (रीडूत नोंद न करता) डेटा भरला असेल तर तो रीडूमध्ये गेलेलाच नाही. स्टँडबाय (पलीकडची प्रत) वरून ठणठणीत दिसतो, आणि फेलओव्हरनंतर ते ब्लॉक वाचायला गेलं की ओआरए-०१५७८ आणि ओआरए-२६०४० या खराब ब्लॉकच्या त्रुटी येतात. चालू केल्याने आधीचे खराब ब्लॉक दुरुस्त होत नाहीत, आवृत्ती १२.२ किंवा पुढची असेल तर स्टँडबायवर आरमॅनमधून (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) 'रिकव्हर डेटाबेस नॉनलॉग्ड ब्लॉक' चालवा.

स्टँडबाय रीडू लॉग प्रत्येक थ्रेडला (डेटाबेसच्या एका इन्स्टन्सची रीडूची रांग) ऑनलाइन रीडू लॉगच्या गटांपेक्षा एक जास्त आणि आकाराने तेवढेच हवेत.

फ्लॅशबॅक परतीसाठी लागतो. तो असेल तर फेलओव्हरनंतर जुना प्रायमरी मागे नेऊन स्टँडबाय म्हणून जोडता येतो. नसेल तर ६ टीबी पुन्हा उचलून न्यायचे. ५०० एमबीपीएस पूर्ण मिळाले तरी जवळपास २७ तास, आणि तेवढा वेळ तुम्ही डीआरशिवाय. रनबुकमध्ये परतीच्या पायऱ्या किती आहेत तेही बघा.

निळीशाई

डीएनएसचा टीटीएल (मिळालेला पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा) कायमचाच ६० सेकंद ठेवा, आपत्ती आल्यावर तो कमी करायला वेळ मिळत नाही. जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये जेव्हीएमची (जावा प्रोग्रॅम चालवणारा थर) स्वतःची डीएनएस कॅश असते. सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर ती जुना पत्ता रीस्टार्टपर्यंत सोडत नाही, तिथे मर्यादा हाताने घाला. त्याहून बरं म्हणजे कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दोन्ही साइटचे पत्ते द्या, कनेक्ट टाइमआउट ३ सेकंद ठेवा, आणि डेटाबेसची सर्व्हिस फक्त प्रायमरी भूमिकेतच सुरू होईल अशी बांधा. मग डेटाबेस पलीकडे गेला की अ‍ॅप्लिकेशन आपणहून त्याच्या मागोमाग जातं, आणि एक्सेलमधल्या कनेक्शन बदलायच्या ओळी खोडता येतात.